दोन करांदे

जेसल पार्क, भाईंदर पूर्व
८ ऑक्टोबर २००६

आदरणीय सुचेताबाई,
सा. न.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोलले की शेजारच्या तीन बिऱ्हाडांना आमच्या घरचं सगळं कळतं. तेव्हा आपलं पत्रच बरं. तुम्हाला सांगलीला लेकीकडे जाऊन सहा वर्षं झाली, मला निवृत्त होऊन तीन. तरी तुम्हाला लिहायला घेतलं की अजून लॅबमध्येच असल्यासारखं वाटतं. तुम्ही पलीकडच्या वर्गात शिकवताय आणि मी इकडे मुलांच्या स्लाइड्स मांडतेय.

बातमी अशी की मी आता भाषणं देते! हसू नका. गोडदेवच्या मागे जुन्या तळ्याकाठी एका मंडळानं वनस्पती उद्यान केलंय. अडीचशेच्या वर झाडं, प्रत्येकाला नावाची पाटी, एक पत्र्याची शेड. मंडळाचे सचिव उत्तम घरत. मूळचे इथलेच, माणूस कामाचा. त्यांनी मागच्या वर्षी दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी लोकांसाठी व्याख्यान आणि बागेतून फेरी सुरू केली. पहिल्या व्याख्यानाला एक गृहस्थ तुळशीवर दीड तास बोलले. ऐकायला सात माणसं, त्यातली दोन झोपलेली. मी उठून म्हटलं, "घरतसाहेब, लोकांना झाडापाशी न्या. हात लावू द्या." ते म्हणाले, "मग तुम्हीच करा ना मॅडम."

आणि मी केलं. जुलैत चाळीस लोक होते, सप्टेंबरात साठ. मराठी, गुजराती, मारवाडी, सगळे. मी निम्मं हिंदीत बोलते. लालबागहून, परळहून इथे राहायला आलेली माणसं, त्यांना शेवग्याचं झाड दाखवलं तरी आनंद होतो.

नोव्हेंबरचा विषय ‘खाण्याजोगे वेल’. पत्रक सोबत पाठवतेय. कागद चांगला वापरलाय, बघा.

तुमची,
उर्मिला


सांगली
१९ ऑक्टोबर २००६

प्रिय उर्मिला,

पत्रक पाहिलं. कागद खरंच चांगला आहे. पण त्यावर ‘प्रा. सौ. उर्मिला रेडकर’ असं छापलंय. तू प्राध्यापक कधी झालीस? मला कळवलं असतंस तर पेढे मागितले असते.

तुझ्याइतकी हुशार प्रयोगशाळा सहायक मी पाहिली नाही. त्याला ‘प्रा.’ लावायची गरज नव्हती. असो, रागावू नकोस.

साठ माणसं जमवतेस हे वाचून बरं वाटलं. माझं इथे चांगलं चाललंय. जावई यंत्र घेऊन देतो म्हणतो कानाचं, मी नको म्हणते. हल्ली चार माणसांत बसणं मी बंदच केलंय. एक विचारलं की दुसरंच उत्तर देते आणि मग सगळे तोंड फिरवून हसतात.

वेलांच्या यादीत करांदा आहे. तो लोकांना कशावरून ओळखायला शिकवणार आहेस?

तुझी,
सुचेता


जेसल पार्क
१ नोव्हेंबर २००६

आदरणीय सुचेताबाई,

‘प्रा.’ घरतांनी परस्पर टाकलं. मला कळेपर्यंत छापून झालं होतं.

करांद्याचं काय विचारता! कॉलेजच्या कपाटातला तुमचा नमुना मला तोंडपाठ आहे. वाळवलेला वेल, हृदयाच्या आकाराचं पान, पानाच्या बगलेत धरलेले करांदे, आणि खाली तुमच्या वळणदार अक्षरात ‘कंद खाद्य, उकडून खातात’. पंचवीस वर्षांत तो कागद मी निदान शंभर वेळा काढून मुलांसमोर ठेवला असेल. आपल्या उद्यानाच्या मागच्या कुंपणावर अगदी तस्सा वेल चढलाय, आपोआप आलेला. या दिवसांत करांद्यांनी लगडलाय. मी तर ठरवलंय, नुसतं दाखवायचं नाही, थोडे घरीही द्यायचे.

दिवाळी छान झाली. माळी महिपतनं उद्यानात पणत्या लावल्या होत्या.

तुमची,
उर्मिला


सांगली
११ नोव्हेंबर २००६

प्रिय उर्मिला,

तुझं पत्र चार दिवसांपूर्वी आलं. उत्तर तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं. आज लिहून लगेच टाकतेय.

करांदे कुणाला देऊ नकोस.

त्या नमुन्यावर विश्वास ठेवू नकोस. तो मी १९७८ साली घोडबंदरच्या बाजूला रानाच्या कडेला तोडला होता. तिथल्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं की करांदे उकडून खातात. तो सांगत होता आपल्या वाडीतल्या वेलाबद्दल आणि मी तोडला होता रानातला. दोघांची पानं सारखी. पुढे सात-आठ वर्षांनी माझ्या लक्षात आलं की रानातला कडू असतो आणि तो बाधतो. तेव्हा मी विभागप्रमुख व्हायच्या रांगेत होते. चिठ्ठीवर माझी सही होती. कपाट बंद केलं आणि गप्प बसले.

जावयाला फोन करायला सांगायचं तर हे सगळं त्याला सांगावं लागेल, तेवढं धाडस होत नाही. हे पत्र वेळेत पोचू दे.

सुचेता


जेसल पार्क
१२ नोव्हेंबर २००६, दुपार

आदरणीय सुचेताबाई,

तुमचं पत्र नाही आलं अजून, पण मला राहवत नाही. आत्ताच उद्यानातून आलेय. पंच्याहत्तर माणसं! सतरंज्या कमी पडल्या.

सगळं झकास झालं, एक गोष्ट सोडून. करांद्याच्या वेलापाशी मी बोलत होते, तेवढ्यात मागून एक बाई पुढे आली. पन्नाशीची असेल, लुगडं गुडघ्यापर्यंत, गळ्यात क्रूस, डोक्यावर रिकामी पाटी. भाजी विकून घरी चालली होती म्हणे, गर्दी बघून आत आली. नाव ज्युलियाना, उत्तनकडच्या तारोडीची. सरळ माझ्या हातातला करांदा घेतला, नखानं टोकरला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "बाय, ह्यो रानचा हाय. ह्यो खायाचा न्हाय."

मी शांतपणे सांगितलं की याचा नमुना मी कॉलेजात पंचवीस वर्षं पाहिलाय. तर म्हणते, "कालेजात कोनी खाल्ला काय?" लोक हसले. मला राग आला. मी म्हटलं, "मावशी, इथे शास्त्र चाललंय, बाजार नाही." तिनं पाटी उचलली आणि गेली.

मग मी मुद्दाम, हो मुद्दामच, तीन घरांना पिशवीत करांदे दिले. आणि उकडून, मीठ लावून खायला सांगितलं.

उद्या सकाळी हे टपालात टाकते. तुम्ही असतात तर त्या बाईला दोन वाक्यांत गप्प केलं असतंत.

तुमची,
उर्मिला


जेसल पार्क
१९ नोव्हेंबर २००६

सुचेताबाई,

तुमचं पत्र बुधवारी पोचलं. तोपर्यंत सगळं होऊन गेलं होतं. क्रमानं सांगते, म्हणजे मला चुकवता येणार नाही.

सोमवारी साडेअकराला मी उद्यानात पाट्या पुसत होते. ज्युलियाना आली. तारोडीहून बस, मग रेल्वेचं फाटक ओलांडून चालत. माझ्याशी भांडायला आली असं वाटून मी तोंड फिरवलं. तिनं बाकावर फडक्यातून दोन करांदे काढले. एक आमच्या कुंपणाचा, रविवारी नेलेला. दुसरा तिच्या वाडीतला. दोन्ही उकडलेले. म्हणाली, "बाय, मी रातभर इचार केला. तू लोकांना दिलंस. मी बोलून गेली, पन थांबली न्हाय, ती माजी चूक हाय."

आणि मग तिनं दोन्ही कापले. बाई, काय सांगू? तिचा आतून पांढरट, पिठूळ. आमचा पिवळा, त्याला नुसता वासच असा की जीभ मागे जाते. मी विचारलं, "वेलावर असताना कसं ओळखता?" म्हणाली, "वळखत न्हाय. ज्यो वेल आपल्या मान्सानं लावला, त्योच खायाचा. कुंपनावर आपोआप आला त्याला हात लावायचा न्हाय." असं कुठल्या पुस्तकात लिहिलेलं असतं?

मी वही काढली. तीन नावं होती. रिक्षा केली. ज्युलियाना विचारल्याशिवाय शेजारी येऊन बसली.

पहिलं घर नवघर रोडला, शशिकांत म्हणून गृहस्थ. पिशवी तशीच फ्रिजवर होती. दुसऱ्या मनोरमाबेन. त्यांनी देव्हाऱ्यात ठेवले होते, शोभेला! तिसरं घर आमच्याच जेसल पार्कात, कौस्तुभ आणि क्षितिजा. तो बँकेत, ती विम्याच्या ऑफिसात. तो त्या दिवशी रजा घेऊन घरी होता. दार त्यानंच उघडलं, भिंतीला धरून. सकाळी उकडून चार खाल्ले होते. कडू लागले तरी खाल्ले. "मॅडम, तुम्ही दिलेले, म्हणून म्हटलं औषधी असतील."

त्याच रिक्षात घालून आम्ही त्याला हॉस्पिटलात नेलं. वाटेत दोनदा ओकला. डॉक्टर म्हणाले बाहेरचं काही खाल्लं असेल. मी म्हटलं, "नाही. हे खाल्लंय. आणि मी दिलंय." ज्युलियानानं कंबरेच्या फडक्यातून कापलेला करांदा काढून टेबलावर ठेवला. मग त्यांनी लिव्हरच्या तपासण्या केल्या, सलाइन लावलं. दोन दिवस ठेवून घेतलं. आता घरी आहे, बरा आहे. लिव्हरला कायमची इजा नाही म्हणाले.

क्षितिजा ऑफिसातून धावत आली. मी सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मी तुम्हाला प्राध्यापक समजत होते."

मी म्हटलं, "मी प्राध्यापक नाही."

बाई, त्या पत्रकाचं प्रूफ मी पाहिलं होतं. ‘प्रा.’ दिसलं होतं. मी फक्त ‘रेडकर’मधला र नीट करून दिला.

तुमच्यावर मी रागावले. बुधवारी तुमचं पत्र वाचून मी ते उशीखाली दाबून ठेवलं, कारण फाडायला हात उचलेना. तुम्ही वीस वर्षं गप्प बसलात. पण रविवारी मला सगळ्यांसमोर, तोंडावर, फुकटात खरं सांगितलेलं होतं, आणि मी ते ऐकलं नाही. तो दोष तुमच्या कागदाचा नाही.

उर्मिला


सांगली
२७ नोव्हेंबर २००६

प्रिय उर्मिला,

तू रागावलीस हे योग्य झालं. मी समजूत घालणार नाही, आणि तुझ्या वाटणीचा दोष तू घेतलास म्हणून माझ्या वाटणीचा कमीही होत नाही.

दोन कामं केली. कॉलेजच्या विभागप्रमुखांना लिहून तो नमुना कपाटातून काढायला सांगितलं, कारणासकट. आणि तुमच्या मंडळाच्या सचिवांना लिहिलं, की चुकीची चिठ्ठी माझी आहे. तुला न विचारता लिहिलं. विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस.

आता पुढे काय करणार आहेस? घरी बसायचा विचार असेल तर तो काढून टाक. मी घरी बसून बघितलंय.

सुचेता


जेसल पार्क
१६ जानेवारी २००७

आदरणीय सुचेताबाई,

घरी बसले नाही. भांडत होते, म्हणून पत्राला उशीर.

नोव्हेंबर अखेरीस मी उद्यानाच्या फाटकावर फळा लावला: ‘१२ तारखेच्या फेरीत मी करांद्याची चुकीची माहिती दिली. कुंपणावरचा वेल कडू असून खाऊ नये. एका गृहस्थांना त्यामुळे इजा झाली. — उर्मिला रेडकर, निवृत्त प्रयोगशाळा सहायक.’ घरतांनी तो संध्याकाळी उतरवला. म्हणाले, "मॅडम, माणूस बरा झाला ना? मग गावभर कशाला? उद्यानाचं नाव जाईल." मी सकाळी परत लावला. असं चार वेळा झालं. पाचव्यांदा महिपतनं तो खिळे ठोकूनच बसवला, आणि घरतांना सांगितलं की हातोडी हरवली.

मग त्यांनी व्याख्यानंच बंद केली. डिसेंबरचा रविवार मोकळा गेला.

परवाच्या रविवारी मंडळाची सभा होती. मी म्हटलं, मला बोलायचंय. बोलले. तुमचं पत्र घरतांनी वाचून दाखवलं, मला वाटलं नव्हतं वाचतील. तरी बहुतेक सभासद म्हणत होते, झाडं दाखवावीत, खाण्यापिण्याच्या भानगडी नकोत, भाषणं तर नकोतच.

तेवढ्यात मागे क्षितिजा उभी राहिली. ती सभासद नाही, कुणी बोलावलंही नव्हतं. म्हणाली, "माझा यांच्यावर राग आहे, आणि तो जाणार नाही. पण त्या दिवशी या दारात आल्या नसत्या, तर डॉक्टर हॉटेलच्या जेवणावर उपचार करत बसले असते. तो वेल तुमच्या कुंपणावर तसाच आहे. लोक येणार, तोडणार. सांगणारं कुणी नसलं की जास्त तोडणार. भाषणं बंद करून काय होणार? फक्त या वेळी ज्यांना माहितीय त्यांना बोलू द्या."

घरतांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "आमची आजी पण असले कंद आणायची. मी कधी विचारलं नाही कुठून आणते." ठराव झाला. ११ फेब्रुवारीला व्याख्यान, वक्त्या ज्युलियाना.

आता अडचण एवढीच की वक्त्या नाही म्हणतात. काल मी तारोडीला गेले होते. तिच्या नणंदेचा मुलगा प्रिन्स आणि सून फ्लेव्हिया, दोघं मागे लागले. पण तिचं एकच, "मी चौथी शिकली. भाषन बिषन मला येत न्हाय. लोक हसतील." मी म्हटलं, "माझ्यावर हसले तेव्हा तू होतीस की! मेले का मी?" तेव्हा हसली. होय म्हणाली नाही, पण निघताना पिशवीभर वाल दिले, आणि नाही म्हणणारी माणसं वाल देत नाहीत.

तुमची,
उर्मिला


सांगली
२९ जानेवारी २००७

प्रिय उर्मिला,

तिला भाषण करायला सांगू नकोस. भाजी निवडायला सांग, आणि निवडता निवडता लोकांना प्रश्न विचारू दे. लॅबमध्ये तू मुलांना असंच शिकवायचीस. मी व्याख्यान संपवून यायचे तेव्हा मुलं तुझ्या टेबलाभोवती असायची. मला त्याचा थोडा हेवा वाटायचा, हे आता सांगायला हरकत नाही.

कानाचं यंत्र घेतलं. पहिल्या दिवशी पंखा इतका मोठ्यानं ऐकू आला की मी तो बंद केला. सवय होतेय. काल शेजारणींत जाऊन बसले.

सुचेता


जेसल पार्क
१२ फेब्रुवारी २००७

आदरणीय सुचेताबाई,

तुमचा सल्ला शंभर टक्के लागू पडला!

काल शेडमध्ये मंच काढून टाकला. मधोमध सतरंजी, त्यावर ज्युलियाना, पुढे दोन पाट्या भरून माल. वाल, करांदे, कोनफळ, कसल्या कसल्या पालेभाज्या, ज्यांतल्या चार मीही पहिल्यांदा पाहिल्या. तिच्याबरोबर तारोडीहून बाराजणी आल्या होत्या, चर्चला जातात तशा ठेवणीतल्या लुगड्यांत. शेडच्या बाहेरपर्यंत लोक उभे होते. मोजायचं विसरले.

सुरुवातीला ती मान वर करेना. शेंगा सोलत बसली. मग मनोरमाबेननी विचारलं, "आ शुं छे?" हे काय म्हणून विचारतात, असं फ्लेव्हियानं सांगितलं, ज्युलियानानं उत्तर दिलं आणि तिथून जी गाडी सुटली! कुठली भाजी विहिरीकाठी लावायची, कुठली खाऱ्या वाऱ्यात जगते, कुठली बाळंतिणीला द्यायची, कुठली द्यायची नाही. एका तरुणानं विचारलं, "मावशी, याचं शास्त्रीय नाव काय?" ती म्हणाली, "त्ये ह्या बायला इचार. तिनं नाव सांगायचं, मी चव सांगनार." लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी नाव सांगितलं. बरोबर सांगितलं. तीन पुस्तकांत पाहून आले होते.

कडू करांदा तिनं सगळ्यांच्या हातात फिरवला, कापून, वास घ्यायला. कुंपणावरच्या वेलाला आता मोठी पाटी आहे, मराठी, हिंदी आणि गुजरातीत. वेल काढला नाही. घरतांना काढायचा होता, मी म्हटलं राहू द्या, लोकांनी बघितला पाहिजे.

शेवटी तिच्या वाडीतले उकडलेले करांदे वाटले. कौस्तुभ आला होता, बायकोबरोबर. ताट त्याच्यासमोर आलं. तो म्हणाला, "मी नाही खाणार. या जन्मात तरी नाही. मी ऐकायला आलोय." क्षितिजानं मात्र दोन उचलले, एक खाल्ला, आणि दुसरा खाताना माझ्याकडे बघितलं. हसली नाही. पण बघितलं.

मग लोक उठायच्या बेतात असताना एक गृहस्थ पुढे आले. हातात एक फांदी. त्यांच्या सोसायटीच्या भिंतीवर उगवलेली, लांबट पानं, देठाला चीक. "मॅडम, हे काय आहे? मुलं खेळतात तिथे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. घरतसुद्धा. मी फांदी हातात घेतली, उलटी केली, पानाची शीर पाहिली. एकदोन नावं जिभेवर आली. दोन्ही बरी वाटली असती, कुणालाच शंका आली नसती.

मी म्हटलं, "मला माहीत नाही. इथे कुणाला माहीत आहे का?"

डाव्या बाजूनं एक हात वर आला, महिपतचा. मग तारोडीच्या बायकांतला एक. आणि मग अगदी मागून, खांबाला टेकून उभ्या असलेल्या, आजवर माझ्या एकाही व्याख्यानात तोंड न उघडलेल्या एका मारवाडी आजीचा.

तिघांनी तीन नावं सांगितली. तिघांचं भांडण लागलं. ज्युलियाना मध्ये पडली. आजी पुढे आली, तिनं चीक बोटावर घेतला आणि तिच्या गावाकडे त्याचं काय करतात ते सांगायला लागली. सगळे तिच्याभोवती गोळा झाले. मला काही दिसेना, म्हणून मी सतरंजीवर जागा करून घेतली, वही उघडली आणि खाली बसून लिहून घ्यायला लागले.

तुमची,
उर्मिला